पाठ फिरवलेली रांग

नाट्यशास्त्रात एम.ए. करणारी मुलं प्रबंधासाठी एखादं नाटक निवडतात आणि पहिल्याच दिवशी ग्रंथालयातून त्याचं पुस्तक काढून आणतात. मग पात्रांच्या स्वभावावर पानंच्या पानं! मला याचा अगदी कंटाळा आहे. प्रयोग कुठं गेला? पात्रिस पाविस या फ्रेंच अभ्यासकानं विद्यार्थ्यांसाठी एक प्रश्नावली करून ठेवली आहे: नेपथ्य कसं होतं, प्रकाश कसा, गती कशी, प्रेक्षक कुठं हसले. चांगली आहे, पण आज ती बाजूला ठेवू. आज आपण फक्त एक रांग बघू.

'घाशीराम कोतवाल'. पहिला प्रयोग १६ डिसेंबर १९७२, पुणे. विजय तेंडुलकरांचं नाटक, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, भास्कर चंदावरकरांचं संगीत. मोहन आगाशेंचा नाना फडणवीस सगळ्यांना आठवतो. मी म्हणतो, नानाला क्षणभर सोडा. मागं ब्राह्मणांची रांग आहे, तिच्याकडे बघा. कृष्णदेव मुळगुंदांनी तिला चाल दिली. ती गाते, झुलते, कधी बाग होते, कधी गर्दी. रंगमंचावर भिंत नाही, पडदा नाही, जे आहे ते या माणसांचं. आणि पुढं काही झाकायचं असलं की ही माणसं सरळ पाठ फिरवतात. पुस्तकात ही एवढीशी रंगसूचना. वाचताना डोळा तिच्यावरून सहज घसरतो. नाट्यगृहात मात्र त्या पाठी तुमच्यासमोर उभ्या असतात, गाणं चालूच असतं, आणि आपल्यालाही ठेका धरावासा वाटतो. माझ्या मते नाटकाचा खरा आरोप तिथं आहे.

नाटकावरचा वाद मात्र पेटला तो नानांच्या इतिहासावरून. नाटक करणाऱ्या पीडीए या संस्थेनं प्रयोग थांबवले, मग त्याच कलावंतांनी थिएटर अकॅडमी काढून नाटक पुन्हा उभं केलं. या घडामोडींवर भरपूर लिहिलं गेलंय. पण मुलाखती घ्यायला निघालेल्या माझ्या विद्यार्थ्यांना मी सांगतो, नाना-घाशीरामाकडे शेवटी जा. आधी रांगेतला कुणी भेटतो का बघा. त्याला भूमिकेचा अर्थ विचारू नका. विचारा, पाठ फिरवल्यावर पुढचं दिसायचं नाही, मग वळायचं कधी हे कशावरून कळायचं? मृदंगावरून, की शेजाऱ्याच्या खांद्यावरून?

तुम्हीही हे नाटक कधी पाहायला गेलात, तर मधे थोडा वेळ डोळे मिटा. संवाद जाऊ द्या. रांगेच्या पायांचा आवाज ऐका, आणि तो कुठं थांबतो ते लक्षात ठेवा.