थंडीतली आरव्ही ट्रिप: बॉइझी ते न्यूपोर्ट, आणि हातचा एक दिवस

आजच्या भागात जरा लांबचा प्रवास. अमेरिकेत आयडाहो राज्यात बॉइझी नावाचं शहर आहे, तिथून ओरेगॉनच्या समुद्रकिनाऱ्यावरच्या न्यूपोर्टपर्यंत. डिसेंबरात, आरव्ही घेऊन. आरव्ही म्हणजे चाकांवरचं घर: पलंग, शेगडी, संडास, सगळं आत.

पहिला प्रश्न तुम्ही विचारणारच, की विमान का नाही? तर न्यूपोर्टला माझी आत्या एकटी राहते. काका गेले त्याला वर्ष होत होतं, शनिवारी वर्षश्राद्ध होतं. तिची मुलगी दुसऱ्या टोकाला, नुकतीच बाळंत झालेली, तिला येणं शक्य नव्हतं. आणि साताऱ्याहून माझे बाबा आलेले, वय ७६. काका गेल्यावर बहीण-भावाची भेटच झाली नव्हती. बाबांना सलग बसवत नाही, दर दीड-दोन तासांनी पाठ टेकावी लागते आणि संडास जवळ लागतो. आत्याचं घर एका खोलीचं. म्हणून आरव्ही.

आता रस्ता समजून घ्या. बॉइझी ते पोर्टलंड साधारण ६९० किलोमीटर, हायवे आय-८४. पुढे न्यूपोर्ट अजून सव्वादोनशेच्या आसपास. उन्हाळ्यात हे काहीच नाही. थंडीत मात्र मध्ये ब्लू माउंटन्स आडवे येतात. रस्ता ४ हजार फुटांच्या वर चढतो आणि पेंडलटनच्या अलीकडे एकदम खाली उतरतो. त्या उताराला कॅबेज हिल म्हणतात: ६ टक्के उतार आणि मोठी वळणं. आपला खंबाटकी आठवा, फक्त त्यावर बर्फ आणि धुकं घाला. नियम तोच: आधीच खालच्या गियरमध्ये या, ब्रेकवर पाय दाबून ठेवू नका, ते तापतात. आमच्या गाडीसारख्या १० हजार पौंडांवरच्या गाडीला, फलक लागला की टायरला साखळ्या चढवाव्याच लागतात. साखळ्या घरीच एकदा चढवून बघा. बर्फात, अंधारात, बोटं बधिर झालेली असताना शिकायची ती गोष्ट नाही.

दुसरी गोष्ट पाणी. बाहेर शून्याखाली गेलं की गाडीतले पाइप गोठतात आणि फुटतात. आम्ही टाकी आणि पाइप रिकामे केले, त्यात आरव्हीसाठी मिळणारं गुलाबी अँटीफ्रीझ भरलं. ते प्रॉपिलीन ग्लायकॉलचं असतं. कारच्या इंजिनात घालतात ते बहुधा इथिलीन ग्लायकॉल, ते विषारी, ते इथे अजिबात चालत नाही. प्यायला पाण्याचे कॅन आणि संडासात ओतायला बादली. झालं काम.

तिसरी गोष्ट गॅस. प्रोपेन उणे ४२ अंशांपर्यंत वायू होत राहतो, म्हणून थंडीत चालतो. ब्यूटेनचे छोटे डबे शून्याच्या आसपासच मान टाकतात. पण शेगडी पेटवून गाडी गरम करायची नाही. कधीच नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपलेला माणूस उठतच नाही. अलार्म लावा आणि निघण्याआधी बटण दाबून तो वाजतो का बघा. छतावरची झडप थोडी उघडी ठेवा, म्हणजे श्वासाची वाफही भिंतींवर साचत नाही. आणि लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी असेल तर ती शून्याखाली चार्ज करू नका, आतून खराब होते.

आता आमचं काय झालं ते सांगते. खरं तर गुरुवारी निघून शुक्रवारी पोहोचता आलं असतं. आम्ही बुधवारी निघालो, एक दिवस हातचा ठेवून. ला ग्रँडला पोहोचलो आणि पुढचा हायवे बंद. बर्फ, आडवे झालेले ट्रक. हिवाळ्यात या पट्ट्यात हे होतंच. बुधवारची रात्र तिथेच गेली, गुरुवारचा अख्खा दिवसही. बाबा दर अर्ध्या तासाने विचारायचे, "उघडला का गं?"

गुरुवारी रात्री आठला उघडला. ट्रकवाले निघाले. बाबा स्वेटर घालून तयार. म्हणाले, "चल, सगळे जातायत. माझी बहीण तिथे एकटी बसलीय."

मी म्हटलं, "बाबा, दिवसभर वितळलेलं आता गोठलंय. अंधारात तो उतार मी तुम्हाला घेऊन उतरणार नाही."

ते बोलले नाहीत. जेवलेही नाहीत. मी आत्याला फोन लावला, फोन त्यांच्या हातात दिला. ती त्यांना म्हणाली, "दादा, एक माणूस गेलाय माझा. तू सकाळी निघ." मग त्यांनी दोन घास खाल्ले.

शुक्रवारी उजाडल्यावर निघालो. साखळ्या, ताशी चाळीस किलोमीटर, कॅबेज हिल उतरलो. पुढे कोलंबिया नदीच्या दरीत वारा. उंच गाडीला तो बाजूने ढकलतो, दोन्ही हात स्टिअरिंगवर. रात्री पोर्टलंडजवळ मुक्काम, शनिवारी दुपारी एकला न्यूपोर्ट. आत्याने काकांचं पान वाढून ठेवलं होतं, पण नैवेद्य दाखवायची थांबली होती. बाबांनी हात धुतले आणि तिच्याशेजारी बसले. त्या दोघांचं काय बोलणं झालं ते मला माहीत नाही, मी बाहेर गाडीची वायर जोडत होते.

किनाऱ्याबद्दल थोडं. इथे बर्फ क्वचितच, पण पाऊस आणि वारा भरपूर. ओरेगॉनचे समुद्रकिनारे १९६७ च्या कायद्याने सगळ्यांना खुले आहेत. पण हा समुद्र आपल्या गणपतीपुळ्यापेक्षा खूप थंड आहे, आणि शांत वाटत असतानाच एखादी मोठी लाट अचानक वर येते. वाळूवर पडलेले ओंडके ती लाट उचलून फेकते, त्यामुळे त्यांच्यावर बसून फोटो काढू नका. आणि समुद्राकडे पाठ करायची नाही.

डिसेंबरच्या शेवटी करडे देवमासे अलास्काकडून मेक्सिकोकडे जाताना इथून दिसतात. जवळच्या डेपो बेमध्ये रस्त्यालगतच समुद्र आहे. आम्ही दोघांना तिथे नेलं. पाऊस होता, म्हणून दोघं गाडीतच, चहा घेऊन खिडकीशी. लांब पाण्याचा फवारा उडाला. बाबा म्हणाले, "तो बघ." आत्या म्हणाली, "हे बरोबर याच जागी थांबायचे."

तर मंडळी, थंडीत आपल्या माणसांकडे निघताना, गाडी कुठलीही असो, निघण्याआधी रस्त्याची स्थिती बघा. ओरेगॉनसाठी ट्रिपचेक नावाची सरकारी साइट आहे. अंधाराआधी मुक्कामाला पोहोचा, तिथे तेव्हा साडेचारलाच सूर्य मावळतो. आणि महत्त्वाची तारीख असेल तर एक दिवस हातचा ठेवाच. तो लागला नाही, तर आत्याकडे एक दिवस जास्त राहाल, एवढंच.

हा भाग गाडी काढणाऱ्या एखाद्या मित्राला पाठवा. भेटू पुढच्या भागात. सांभाळून जा!