तक्त्यातील ओळ आणि तिचा धनी



घरपट्टीच्या मागणीची यादी असो वा शाळेतील गुणांचा तक्ता, ही कामे आता बहुधा एक्सेलसारख्या संगणकीय तक्त्यावर होतात. १९७९ साली डॅन ब्रिकलिन व बॉब फ्रँकस्टन यांच्या व्हिजिकॅल्कने या प्रकाराचा पाया घातला. वहीतील आडवी ओळ व उभा रकाना त्यात जसेच्या तसे आले. मात्र वहीतील ओळ शाईने बांधलेली असते. पडद्यावरील ओळ तशी बांधलेली नसते. नवशिक्यांच्या बऱ्याच अडचणी येथूनच उद्भवतात.

समजा, ग्रामपंचायतीच्या यादीत मालमत्ता क्रमांक, नाव व थकबाकी असे तीन रकाने आहेत. नावे अकारविल्हे लावावयाची म्हणून कोणी केवळ नावांचाच रकाना निवडून क्रमवारीची आज्ञा दिली, तर निवड शेजारच्या रकान्यांपर्यंत वाढवावयाची काय, असे एक्सेल विचारते. घाईत नकार दिला गेला, की नावे हलतात आणि थकबाकी जागच्या जागी राहते. यादी नीटनेटकी दिसते, एकूण बेरीजही जुळते. परंतु एकाचे देणे दुसऱ्याच्या नावावर चढलेले असते. केवळ बेरजेवर विसंबणाऱ्या तपासनिसास हा दोष दिसत नाही, आणि ज्याने कर वेळेवर भरला त्याच्या दारी मागणीची नोटीस जाते.

चूक तत्काळ ध्यानात आल्यास कंट्रोल व झेड या कळा एकत्र दाबून पूर्वस्थिती आणता येते. फाईल जतन करून बंद केल्यावर तो मार्ग उरत नाही. म्हणून आधी मूळ फाईलची प्रत काढावी आणि तक्त्याच्या आरंभी अनुक्रमांकाचा रकाना घालावा. संपूर्ण तक्त्याची क्रमवारी बदलली असेल, तर अनुक्रमांकावरून पहिला क्रम परत मिळतो. तुटलेल्या ओळी मात्र त्याने सांधल्या जात नाहीत. तेथे प्रतच कामास येते.

तक्त्यात मध्येच एखादी पूर्ण रिकामी ओळ असली, तर तक्ता तेथेच संपला असे संगणक सहसा समजतो व खालची नावे क्रमाबाहेर राहतात. शोभेसाठी एकत्र जोडलेली घरेही क्रमवारी अडवितात.

१ नंतर २ न येता १० आला, तर ते आकडे मजकूर म्हणून नोंदले गेले आहेत असे जाणावे. असे आकडे घरात डावीकडे चिकटतात, आणि कोपऱ्यात बहुधा हिरवा त्रिकोण दिसतो. तेथे टिचकी मारून त्यांचे संख्येत रूपांतर करता येते. बँक खाते क्रमांकाचे याच्या नेमके उलट आहे. तो संख्या म्हणून लिहिल्यास आरंभीची शून्ये गळतात, आणि १५ पेक्षा अधिक अंक असल्यास पुढच्या अंकांच्या जागी शून्ये येतात. शिष्यवृत्तीची रक्कम अडण्यास एवढे पुरे. तो रकाना टंकन करण्यापूर्वीच मजकूर म्हणून ठरवावा. नंतर तसे केल्याने गेलेले अंक परत येत नाहीत.

सर्व करूनही मराठी नावे अकारविल्हे लागत नसतील, तर टंक तपासावा. कित्येक जुन्या टंकांत पडद्यावर देवनागरी दिसली तरी आत रोमन अक्षरांचे संकेत असतात, आणि क्रम त्यांनुसार लागतो. अशी यादी आधी युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्यावी लागते.