आधी काठ, मग रंग
(नभोवाणीवरील भाषण)

दुपारची कामं आवरत आली असतील. मागची झाकपाक राहिली असेल तर राहू द्या थोडा वेळ, कारण आज मला भिंतींबद्दल बोलायचं आहे आणि मिनिटं मोजकीच मिळाली आहेत.

अबोली, फिका गुलाबी, मोतिया, पिस्ता, जांभळाची नुसती झाक असलेला करडा. हे रंग आपल्यापैकी पुष्कळजणींच्या मनात वर्षानुवर्षं असतात. घर रंगवायची वेळ येते, रंगारी शेडकार्ड उघडतो, आपलं बोट अबोलीवर जातं आणि घरातलं कुणीतरी म्हणतं, "फार बायकी दिसेल हं." पान उलटतं आणि पुन्हा एकदा क्रीम. ज्या घरात लग्नकार्याला पुरुष गुलाबी फेटे बांधून उभे राहतात, त्या घराच्या भिंतीला गुलाबी का चालू नये? बायकी तर बायकी. घरात सर्वांत जास्त वेळ जिचा जातो तिच्या आवडीचा रंग घराला असावा, यात लाजण्यासारखं काहीही नाही.

पण मैत्रिणींनो, रंग ठरवण्याआधी काठ ठरवा. आज मी एवढंच सांगायला आले आहे.

साडी घेताना आपण हे न शिकवता करतो. इरकल समोर उलगडली की नजर आधी काठावर जाते, मग अंगाचा रंग पाहतो. पैठणीचं अंग बहुधा साधं किंवा बारीक बुट्ट्यांचं. मोर, वेली, जरीची सगळी श्रीमंती काठापदराला. अंग शांत आहे म्हणून काठ दिसतो, आणि काठ आहे म्हणून अंगाच्या त्या फिक्या रंगालाही बांधीव रूप येतं. आता तोच रंग बिनकाठाच्या ताग्यातून कापून घ्या. रंग तोच, पण साडीचा रुबाब येत नाही. आपल्या खोल्यांचं नेमकं हेच होतं. चारही भिंती गुलाबी करतो, छत पांढरं करतो, मध्ये काहीच नाही. आणि मग म्हणतो, रंग फसला. रंग फसलेला नसतो, काठ राहिलेला असतो.

याचं कारण साधं आहे. गडद निळी भिंत पांढऱ्या छताला भिडली की कड आपोआप उठून दिसते. फिक्या रंगाचा आणि पांढऱ्याचा फरक मुळात थोडा, त्यामुळे कड विरघळते आणि खोली पुसट वाटते. तिथे छताखाली एक नक्षीची पट्टी बसवली, तिला थोडी गोलाई, थोडी खाच असली, की उजेड वरच्या गोलाईवर पडतो आणि खाचेत सावली राहते. ती सावलीची बारीक रेघच सगळं काम करते. म्हणून बाजारात गुंडाळीत मिळणारी चिकट कागदाची बॉर्डर लावू नका. तिच्यावर फुलं छापलेली असतात, पण तिला जाडी नसते, सावली पडत नाही. लाकडाची घ्या, जमत नसेल तर प्लास्टर ऑफ पॅरिसची घ्या, पण उठाव असलेली घ्या.

जुन्या लोकांना हे पक्कं ठाऊक होतं. पुण्यात बाजीराव रस्त्यावरून जाताना विश्रामबाग वाड्याच्या दर्शनी भागाकडे एकदा मान वर करून बघा. दुसऱ्या बाजीरावाचा वाडा, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीचा. सुरूच्या झाडाच्या घाटाचे सागवानी खांब, त्यांच्या माथ्यावर केळफुलाची नक्षी, खांबांना जोडणाऱ्या महिरपी. कोरीवकाम कुठे आहे ते पाहा. जिथे खांब तुळईला मिळतो तिथे, सज्जाला, महिरपीच्या कडेला. दोन गोष्टी जिथे भेटतात तिथे नक्षी. उरलेली भिंत गप्प. मुंबईत भायखळ्याच्या राणीच्या बागेतलं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय घ्या. १८७२ साली ते लोकांसाठी खुलं झालं, आणि या शतकाच्या सुरुवातीला बरीच वर्षं खपून त्याची दुरुस्ती केली गेली. आत ओतीव लोखंडाचे खांब आणि कठडे फिक्या हिरव्या रंगाचे आहेत. इतका नाजूक रंग, पण एवढ्या प्रचंड दालनात तो कुठेही हरवत नाही, कारण त्याला सोनेरी कडा आहेत. तिकीट काढून जा, वस्तू नंतर बघा, आधी कडा बघा.

आता तुम्ही म्हणाल, आमचं दोन खोल्यांचं घर, आम्ही कुठे खांब नि महिरपी आणायच्या? आणू नका. छत नऊ फुटांवर असेल तर छताखाली तीन-चार इंचांची पट्टी पुष्कळ झाली. सहा-सात इंचांची लावली तर छत डोक्यावर उतरल्यासारखं वाटेल. भिंतीवर जमिनीपासून तीन फुटांच्या आसपास एक आडवी बारीक पट्टी फिरवा. पूर्वी घरांत तिथून खाली ऑइलपेंट मारायचे, हात-खुर्च्या घासून भिंत मळू नये म्हणून. ती चांगली रीत होती. पट्टीच्या खाली अबोलीची अर्धी छटा गडद, वर फिकी. दाराच्या चौकटीला छताच्या पट्टीचाच रंग. म्हणजे काठ सगळीकडून एकच आला. आणि पदर एकच! दारातून आत आल्यावर समोर दिसते ती एक भिंत. तिथे काय ती महिरपीची चौकट, आरसा, नक्षीचा कागद, हौस पुरवून घ्या. चारही भिंतींना पदर काढला की कुठे बघावं तेच कळत नाही.

साडीच्या फॉलसारख्या भिंतीच्या फॉलबद्दलही सांगते, कारण तो दिसत नाही म्हणून राहून जातो. भिंतीचा फॉल म्हणजे लांबी (पुट्टी) आणि प्रायमर. फिका रंग पोपडे, खड्डे, जुनी ठिगळं काही लपवत नाही, आणि चकचकीत रंग तर सगळं दाखवून देतो. तेव्हा भिंतीला मॅट रंग घ्या, चमक फक्त काठाला असू द्या. रंगारी लांबी वाचवायला बघेल. वाचवू देऊ नका.

जुन्या घरात राहणाऱ्यांना एक विनंती, थोडी रागावूनच. तुमच्या पायाखाली आधीच काठ आहे. जुन्या मुंबईच्या, पुण्याच्या, कोल्हापूरच्या कितीतरी घरांत नक्षीदार सिमेंटच्या लाद्या आहेत. मध्ये फुलं, कडेला वेल. मुंबईची भारत फ्लोअरिंग्ज अँड टाइल्स ही कंपनी १९२२ साली, स्वदेशीच्या दिवसांत निघाली आणि परदेशी लाद्यांच्या तोडीच्या लाद्या इथे बनू लागल्या. त्या लाद्या भाजलेल्या नसतात, साच्यात रंगीत सिमेंट ओतून दाबून केलेल्या असतात. म्हणून त्यांना ॲसिड चालत नाही. ॲसिडने त्या पांढुरक्या पडतात, मग आपण म्हणतो लादी जुनी झाली, आणि तिच्यावर चकाकती फरशी चढवतो. मग वर्षभरात "क्लासिक लूक" हवा म्हणून नक्षीचे स्टिकर आणतो. अहो, असं करू नका. साध्या साबणाच्या पाण्याने पुसा. त्या लादीतल्या फुलाचा रंग बघा, जो फिका तांबूस किंवा राखाडी गुलाबी असेल, तोच भिंतीला घ्या. रंग शोधायला शेडकार्डापर्यंत जायचीही गरज नाही. कोनाडे, देवळ्या, दारावरची गणेशपट्टी, रंगीत तावदानं, यांचंही तेच. ती काढून टाकणारा मिस्त्री एका दुपारी काढून जातो. तशी पुन्हा करून देणारा सुतार शोधत मात्र...

वेळ संपत आल्याची खूण होते आहे. पडद्यांचं सांगायचं होतं, ते राहू द्या. उजेडाचं सांगायलाच हवं. कार्डावर रंग निवडू नका. दोन फूट लांब-रुंद प्लायच्या तुकड्यावर रंगाचे दोन हात मारून घ्या आणि तो तुमच्या खोलीत ठेवा. सकाळी बघा, दुपारी चारला बघा, रात्री दिवा लावून बघा. उत्तरेच्या खोलीत गुलाबी थोडा करडा होतो, पश्चिमेच्या उन्हात अबोली पार नारिंगी होते. आणि दिव्याच्या खोक्यावर आकडा छापलेला असतो तो वाचा. ६५०० केल्विनच्या पांढऱ्या दिव्याखाली अबोली फिकुटते, ३००० च्या आसपासच्या पिवळसर दिव्याखाली खुलते. जांभळट छटेचं बहुधा उलट, पिवळ्या दिव्याखाली ती मळकी दिसते. तुकड्याशेजारी काठाच्या पट्टीचाही एक नमुना ठेवा. परत सांगते, काठाशिवाय रंग बघूच नका.

शेवटचं, गणपतीच्या घाईचं. श्रावणात घर रंगवायला काढतात. भिंती पावसाने ओल धरून असतात, वरून फिका रंग, आणि दिवाळीपर्यंत त्यातून डाग आणि लोणा वर येतो. कोकणातल्या भगिनींनी तर हे जास्तच जपावं. तिथे प्लास्टर ऑफ पॅरिसपेक्षा लाकडी पट्टीच बरी. भिंत कोरडी आहे का हे बघायला हातभर प्लास्टिकचा कागद चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला लावा, दोन दिवसांनी काढा. आतून पाण्याचे थेंब दिसले तर यंदा गणपती जुन्याच रंगात बसू द्या, त्याला चालतं. तोवर पट्ट्यांचं माप घ्या, सुताराला सांगून ठेवा, काठ बसवून घ्या. रंगकाम दसऱ्यानंतर काढा.