जुन्या घड्याळाची साक्ष



दिघोरीसारख्या धानाच्या गावात मौल्यवान विलायती घड्याळांची चर्चा कशाला, अशी शंका कोणाच्या मनात आली असेल तर ती वावगी म्हणता येणार नाही. परंतु ही घड्याळे आपल्याला वाटतात तितकी परकी नाहीत. फाव्र-ल्युबा ही स्विस पेढी 1865 मध्ये मुंबईत आली. वेस्ट एंड वॉच कंपनीने 1886 पासून मुंबईत बस्तान बसवले आणि आपल्या एका घड्याळाला चक्क ‘सोवार’, म्हणजे स्वार, हे आपल्याकडचे नाव दिले. ज्याची तबकडी उलटी फिरवून काच झाकता येते ते जेजर-लकूल्त्रचे ‘रिव्हर्सो’ 1931 मध्ये निघाले. त्याचे निमित्तही हिंदुस्थानातच घडले, असे सांगतात. पोलो खेळताना इंग्रज अधिकाऱ्यांच्या घड्याळांच्या काचा फुटत, त्यावर हा तोडगा होता. मालगुजाराच्या वाड्यात, रेल्वेतल्या बाबूच्या खिशात किंवा निवृत्त मास्तरांच्या मनगटावर अशी घड्याळे या मुलखातही पोहोचली, आणि पुष्कळ घरांत ती आजही ट्रंकेच्या तळाशी पडून असतील. ती भंगाराच्या भावात जाऊ नयेत, आणि रंगवलेली घड्याळे सोन्याच्या भावाने कोणी घेऊ नयेत, एवढ्याचसाठी हा विषय आम्ही घेतला आहे.

जुन्या घड्याळाला किंमत कशाने येते? सोन्याने येते, असा सार्वत्रिक समज आहे. 2017 मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात रोलेक्सचे एक घड्याळ 1 कोटी 77 लाख डॉलरांवर गेले, आणि ते होते साध्या पोलादाचे. नट पॉल न्यूमन यांचे ते घड्याळ. पत्नीने दिलेले, तिने मागच्या झाकणावर ‘गाडी जपून चालव’ अशा अर्थाचे शब्द कोरून घेतलेले. पुढे न्यूमननी ते मुलीच्या मित्राला दिले आणि त्याच्याकडून ते लिलावात आले. कोणाच्या हातून कोणाच्या हाती गेले, याची साखळी कोठे तुटलेली नव्हती. किंमत आली ती या साखळीमुळे. म्हणून घड्याळ पाहण्याआधी विचारायचा प्रश्न असा की, हे आले कोठून? विकणाऱ्याने या प्रश्नाला बगल दिली की अर्धी परीक्षा तेथेच झाली.

आता नकलेकडे वळू. संपूर्ण खोटे घड्याळ ओळखणे त्या मानाने सोपे असते. कठीण असते ते जोडकाम. मशीन अस्सल, डबी दुसऱ्याच घड्याळाची, काटे तिसऱ्याचे आणि तबकडी परवा रंगवलेली! अशा घड्याळांना जगभरचे शौकीन ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात, हे आपल्याला भूषणावह नाही. बंगळूरला जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने 1961 मध्ये सुरू झालेला एचएमटीचा घड्याळांचा कारभार सरकारने 2016 मध्ये बंद करण्याचे ठरवले. त्यानंतर ‘जनता’सारख्या साध्या घड्याळालाही गिऱ्हाईक वाढले आणि कारखान्यातून कधी न निघालेल्या झगझगीत रंगांच्या तबकड्या त्यावर चढू लागल्या.

मग पारख करायची कशी? आम्ही तर असे म्हणतो की, घड्याळाला न्यायालयात उभे करावे आणि त्याच्या प्रत्येक भागाची वेगळी साक्ष घ्यावी. सर्वांनी एकच साल सांगितले पाहिजे.

प्रथम तबकडी. भिंगाखाली अक्षरे पाहा. कारखान्यातली छपाई रेखीव आणि एकसारखी असते. पुन्हा रंगवलेल्या तबकडीवर अक्षरे जाड होतात, मिनिटांच्या रेघा अंकांशी जुळत नाहीत, कधी स्पेलिंगही चुकते. साठ वर्षांची डबी झिजलेली आणि तबकडी मात्र कालची, तर संशय घ्यावा.

दुसरी साक्ष अंधारातली. जुन्या घड्याळांच्या काट्यांवर रेडियमचा लेप असे. 1960 च्या दशकात त्याची जागा ट्रिटियमने घेतली, आणि तबकडीच्या तळाशी ‘टी’ हे अक्षर येऊ लागले. रेडियमचा जोर निम्मा व्हायला सुमारे 1600 वर्षे लागतात, पण त्याच्या माऱ्याने लेपातला चमकणारा पदार्थ काही वर्षांतच निकामी होतो. ट्रिटियमचा जोर तर सुमारे 12 वर्षांतच निम्म्यावर येतो. तेव्हा 1950 सालचे म्हणून दाखवलेले घड्याळ रात्री काजव्यासारखे चमकू लागले, तर लेप नवा आहे हे उघड झाले. मात्र एक इशारा. चमक गेली तरी रेडियम जिवंत असते. अशी तबकडी उघडून खरवडू नये, तिची धूळ पोटात गेली तर घातक ठरते.

तिसरी डबी. सोन्याच्या स्विस डबीवर सरकारी छाप असतो. 1880 च्या कायद्यानंतर 18 कॅरटला हेल्वेशिया देवीचे मस्तक होते, 1995 पासून सेंट बर्नार्ड कुत्र्याचे मस्तक आले. 1930 सालच्या म्हणवणाऱ्या डबीवर कुत्रा दिसला तर बोलायला नको. डबीच्या कडाही पाहाव्यात. वारंवार पॉलिश केल्याने त्या गोल होतात आणि आकडे पुसट होतात.

चौथे मशीन. झाकण घड्याळजीकडूनच उघडवावे. मशीनवरचे नाव तबकडीवरच्या नावाशी जुळते काय, मशीन डबीत घट्ट बसले आहे की पट्ट्या घालून बसवले आहे, हे पाहावे. धक्का सोसणारी इंकाब्लॉक योजना 1930 च्या दशकात निघाली. 1920 सालच्या घड्याळात ती दिसली तर मशीन नंतरचे आहे, असे समजावे.

शेवटी कागद. पावती, पेटी, हमीपत्र हे सारे मोलाचे, पण कागदही बनावट होतात. पाटेक फिलिपसारखी पेढी आपल्या दप्तरातून जुन्या घड्याळाचा उतारा देते. त्यात ते केव्हा बनले आणि केव्हा विकले गेले ते कळते. तरी त्या क्रमांकाचे घड्याळ एकदा बनले होते, एवढेच तो उतारा सांगतो. नंतर तबकडी कोणी बदलली, हे दप्तराला कसे ठाऊक असणार?

येथे एक अन्याय टाळला पाहिजे. ज्या कारागिराने तुटलेला काटा बदलून घड्याळ चालू ठेवले, तो गुन्हेगार नव्हे. आयात बंद असताना, सुटे भाग मिळत नसताना, आपल्या घड्याळजींनी हातांनी भाग घडवून घड्याळे जगवली. त्यांचे उपकारच मानावेत. गुन्हा आहे तो बदललेले लपवून अस्सल म्हणून विकण्यात. ‘तबकडी रंगवलेली आहे’ असे चार शब्द सांगून विकले, तर त्यात फसवणूक उरत नाही.

भंडारा हे पितळेच्या भांड्यांचे गाव. भांडे घेताना आपण नुसत्या चकाकीवर जात नाही, ते वाजवून पाहतो. घड्याळाच्या बाबतीत मात्र आपण नेमके चकाकीला भुलतो, आणि घरातले जुने घड्याळ विकण्याआधी हौसेने पॉलिश करून आणतो. तसे करू नका. डाग पडलेली तबकडी तशीच राहू द्या. आजोबांनी ते कोणत्या साली, कोठून, कशासाठी घेतले हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून एका कागदावर लिहा, खाली तारीख घाला आणि तो कागद घड्याळाबरोबर ठेवा. विकायचे असेल तर दोन ठिकाणी भाव विचारा. घरात आलेल्या पहिल्याच फिरत्या व्यापाऱ्याच्या हाती देऊ नका. घड्याळाबद्दल सांगू शकणारे वडीलधारे आज घरात आहेत, तोवर हे काम उरकून घ्यावे, एवढीच विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.