माळ्यावरची कंबळी

एखादं काम रेंगाळलं की मराठी माणूस म्हणतो, ‘घोंगडं भिजत पडलंय.’ भिजलेलं घोंगडं उचलून पाहिलेल्याला हा वाक्प्रचार समजावून सांगावा लागत नाही. ते जड होतं आणि लवकर वाळत नाही.

हेच घोंगडं कर्नाटकात कंबळी होतं. महाराष्ट्रात धनगर मेंढ्या राखतात, सणगर विणतात. तिकडे ही परंपरा कुरुबांची. त्यांच्यातल्या एका शाखेचं नावच उण्णे कंकण, म्हणजे लग्नात मनगटाला लोकरीचा दोरा बांधणारे. मंगलकार्यात कंबळी अंथरून मानाचं आसन मांडतात, त्याला ‘कंबळी गद्दिगे’ म्हणतात.

बंगळुरूत १८८४ साली बँगलोर वूलन, कॉटन अँड सिल्क मिल्स निघाली. पुढे ती बिन्नी कंपनीकडे गेली. शहरातल्या बिन्नीपेटेला तिचंच नाव. यंत्रावर एकसारखी ब्लँकेटं निघू लागली, तरी चित्रदुर्ग जिल्ह्यातल्या चळ्ळकेरे भागातली कंबळी खड्ड्यात पाय सोडून बसायच्या मागावरच विणली जात राहिली.

जुनी कंबळी ओळखायची कशी? आधी हात फिरवावा. हातानं कातलेला दोरा कुठे जाड, कुठे बारीक लागतो. ताण्याचं सूत ताठ राहावं म्हणून चिंचोक्यांची शिजवलेली खळ त्याला कुंच्यानं लावतात. त्यामुळे नवी कंबळी कडक आणि बोचरी असते. वर्षानुवर्षं अंगावर घेतली की ती मऊ पडते. तो मऊपणा कारखान्यात मिळत नाही.

मग रंग पाहावा. कंबळीचा काळा रंग बहुधा मेंढीचाच, रंगाऱ्याचा नव्हे. उन्हानं त्याला तांबूस झाक येते, आणि घडीच्या आत मात्र मूळ काळेपणा टिकून असतो. कसर लागून पडलेली भोकं कुणी हातानं रफू केली असतील, तर तेवढ्यासाठी कंबळी नाकारू नये. घरानं ती जपल्याची ती खूण.

आज लोकरीला भाव नाही, मटणाला आहे. म्हणून बरेच मेंढपाळ कमी लोकरीच्या जातींकडे वळले आणि दख्खनी लोकर दुर्मीळ होत चालली.

तेव्हा माळ्यावरच्या पेटीत कंबळी सापडली, तर ती उन्हात पसरावी आणि कडुलिंबाचा पाला घालून ठेवावी. पसरताना तिचे चारही कोपरे पाहावेत. एकाच कोपऱ्याची वीण जास्त झिजलेली असेल, तर तिथेच पावसाळ्यात कुणा मेंढपाळानं खोळ करून ती डोक्यावर घेतली असेल.