झोपेतली कमाई

‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ हा ऑनलाइन खेळ २००४ साली आला, तेव्हा आपल्या पात्राला ६०व्या पातळीपर्यंत चढवता येई. त्यासाठी रात्री जागवणारी मुलं मी पाहिली आहेत. त्यांना मी खेळातलाच एक नियम सांगतो. पात्राला धर्मशाळेत ठेवून खेळ बंद केला, की दर ८ तासांना पातळीच्या ५ टक्के विश्रांती जमा होते. ती संपेपर्यंत शत्रू मारल्याचे गुण दुप्पट मिळतात. ही शिल्लक दीड पातळीपर्यंतच साठते. तेव्हा एका गावातली सगळी कामं एकदम घ्यावीत, एकाच फेरीत उरकावीत, पात्राला धर्मशाळेत पोचवावं आणि आपण खुशाल झोपावं. सकाळी अभ्यासाला डोळे उघडे राहतात आणि पात्राचंही काही बुडत नाही.