नाडीचा सूर आणि तयार कान



परळचे केईएम रुग्णालय असो वा तालुक्याचे उपजिल्हा रुग्णालय, शस्त्रक्रियागृहात एक स्वर अखंड ऐकू येत असतो. रुग्णाच्या बोटाला चिमट्यासारखे एक साधन लावलेले असते. नाडीच्या प्रत्येक ठोक्यासरशी यंत्रातून स्वर उमटतो आणि रक्तातील प्राणवायूचे प्रमाण घटू लागले की तो स्वर खाली उतरत जातो. शल्यचिकित्सकाची दृष्टी शस्त्रक्रियेच्या जागेवर खिळलेली असते, भूलतज्ज्ञाचे हात कामात गुंतलेले असतात. परंतु कान मोकळे असतात. पडद्यावरील आकडा वाचण्यापूर्वीच उतरता स्वर त्यांना सावध करतो. शरीराच्या नोंदीचे स्वरात रूपांतर करण्याचे हे सर्वांत परिचित उदाहरण होय.

यामागील तत्त्व समजण्यास कठीण नाही. बोटातून तांबडा आणि अवरक्त असे दोन प्रकारचे प्रकाशकिरण पाठविले जातात. प्राणवायूने युक्त असलेले रक्त आणि प्राणवायू कमी असलेले रक्त हे किरण निरनिराळ्या प्रमाणात शोषून घेते. त्या फरकावरून प्राणवायूचे प्रमाण काढले जाते. जपानी अभियंते ताकुओ आओयागी यांनी १९७४ साली हे तत्त्व मांडले. फेब्रुवारी १९६८ मध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी केईएममध्ये भारतातील पहिले हृदयारोपण केले, त्या वेळी हा स्वर त्यांच्या सोबतीला नव्हता.

शरीराची गती जाणून घेण्याची परंपरा मात्र जुनी आहे. शार्ङ्गधरसंहितेत नाडीच्या चालीला साप, बेडूक, हंस यांच्या चालीची उपमा दिली आहे. १८१६ साली पॅरिसमध्ये डॉ. लाएनेक यांनी कागदाची सुरळी करून रुग्णाच्या छातीचे ठोके ऐकले आणि त्यातूनच स्टेथोस्कोप जन्मास आला. केईएमला संलग्न असलेल्या सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयाचे विद्यार्थी रुग्णाच्या खाटेपाशी हेच श्रवण शिकत आले. परळपासून दूर नसलेल्या गिरगावात प्रा. बी. आर. देवधर यांनी १९२५ साली संगीत विद्यालय स्थापन केले. कुमार गंधर्व तेथेच शिकले. एका ठिकाणी हृदयाचे ठोके, दुसऱ्या ठिकाणी तंबोऱ्याचा षड्ज. परंतु दोन्हीकडे आधी कान तयार व्हावा लागतो.

कलावंतांनीही या शास्त्राचा उपयोग केला. अमेरिकन संगीतकार अ‍ॅल्विन लुसिए यांनी १९६५ साली स्वतःच्या मेंदूतील विद्युत्‌लहरी ध्वनिक्षेपकांतून सोडून तालवाद्ये कंपित केली. बोस्टनचे हृदयरोगतज्ज्ञ एरी गोल्डबर्गर यांनी हृदयाच्या ठोक्यांमधील अंतरांना स्वर नेमून दिले. त्यावर त्यांच्या मुलाने रचलेले संगीत १९९५ साली प्रसिद्ध झाले. निरोगी हृदयाची लय घड्याळासारखी काटेकोर नसते, दोन ठोक्यांमधील अंतर सूक्ष्मपणे बदलत असते, हे त्यातून सामान्य श्रोत्यालाही कळते. तबल्याच्या साथीतील जिवंत लय ज्याने ऐकली आहे, त्याला हे समजावून सांगावे लागणार नाही.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. कोणत्या नोंदीला कोणता स्वर द्यावयाचा, हे हृदय ठरवीत नाही. ते माणूस ठरवितो. सप्तक मधुर निवडले तर आजारी हृदयाचे संगीतही मधुर वाटेल. शस्त्रक्रियागृहातील स्वर विश्वसनीय ठरतो, तो त्याचा नियम ठाम असल्यामुळे. प्राणवायू घटला की स्वर उतरलाच पाहिजे. तथापि यंत्रालाही मर्यादा आहेत. सावळ्या त्वचेच्या रुग्णांमध्ये हे साधन प्राणवायूचे प्रमाण वास्तवाहून अधिक दाखवू शकते, ही बाब २०२० साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने ठळकपणे पुढे आणली. रुग्णाला धाप लागली असेल, ओठ निळसर दिसत असतील, तर आकडा चांगला आहे म्हणून स्वस्थ बसता येणार नाही.

ही गोष्ट ग्रामीण महाराष्ट्राला जवळची आहे. सप्टेंबर २०२० मध्ये सुरू झालेल्या ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत हेच साधन घेऊन पथके घरोघर गेली. पंचायतीने साधन खरेदी करावे; पण ते वापरणाऱ्या आशा कार्यकर्तीला त्याच्या मर्यादाही शिकवाव्यात. शिक्षकांनी मुलांना स्वतःची नाडी मोजून तिच्या लयीत टाळी देण्यास सांगावे. विज्ञानाचा आणि संगीताचा पाठ एकाच तासात होईल.

शेवटी, ही नोंद कोणाची, हा प्रश्न उरतोच. मनगटावरील घड्याळेही आता हृदयाचे ठोके मोजतात. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षणविषयक केंद्रीय कायद्याने व्यक्तीच्या संमतीला महत्त्वाचे स्थान दिले आहे. गावच्या आरोग्य शिबिरात घेतलेली नोंद असो वा कलेसाठी घेतलेला नाडीचा ठोका, ती कशासाठी वापरली जाणार हे त्या माणसाला त्याच्या भाषेत आधी सांगितले पाहिजे. कारण यंत्रातून स्वर उमटला, तरी तो जीव त्याचा असतो.